उत्तमरावांची कानपिळी

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
३ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
मंजुळाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांना कंपनीने घरी बसवलंय. रंगाच्या हौदापाशी मुकादमाने काही विनोद केला, हे हसले आणि गुडघे दुमडून खालीच बसले. साहेबांनी शेरा मारला, कामावर दारू पिऊन. खोकल्याचं औषध घेतलं तरी ज्यांना देवघरात जायला लाज वाटते, ते हे!

तुझ्या नौपाड्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले, मेंदूतला झोपेचा बिघाड आहे. आपण हलक्या झोपेतून गाढ झोपेत, मग स्वप्नात, असे पायऱ्या उतरत जातो. हे भर दुपारी थेट स्वप्नात उडी घेतात. आणि हसू आलं की अंगातलं बळ जातं, शुद्ध मात्र शाबूत. पण दाखला द्यायचा तर हे हसून कोसळताना त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचंय. आणि हे तिथे मयताला आल्यासारखे बसतात. पंधरा तारखेला दाखला दिला नाही तर नोकरी गेली.

तू दिवाळी अंकांत विनोदी लिहितोस ना? चौदाला दवाखान्यात वाचायला एक पत्र पाठव. स्वतः येऊ नकोस, डॉक्टरांशी वाद घालशील.

लोभ आहेच, तो या वेळी जरा कामाला लाव.
मंजुळा

नौपाडा, ठाणे
८ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. मंजुळास,
अनेक आशीर्वाद.

माझं वाचून लोक झोपतात हे संपादकांनी कळवलं होतं. कुणी कोसळावं, ही अपेक्षा नवीन. सोबत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर तीन पानं जोडलीत. ती आधी वाच.

त्यांनी भागलं नाही तर हे वाच. अकरा वर्षं पोटात ठेवलंय. तुझ्या लग्नात कानपिळीला मी उत्तमरावांचा कान धरला, तेव्हा त्यांची मान छातीवर पडली होती. नवरदेव बोहल्यावर झोपलेत, हे फक्त मला कळलं. जागे व्हावेत म्हणून कान दोनदा पिळला, तिसऱ्यांदा उलटा. हूं नाही की चूं नाही. मंडळी म्हणाली, जावई किती सोशिक. तेव्हाच बोललो असतो, पण कानपिळीचं टेरिकॉटचं शर्टपीस हातचं गेलं असतं.

माया ठेव, निदान दाखला मिळेपर्यंत.
सीताराम

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
१५ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सेक्रेटरीची तिन्ही पानं वाचली. हे म्हणाले, अक्षर सुंदर आहे. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ बघितलं. कंपाउंडर पेंगला; त्याला आजार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला रडूच यायला लागलं. मग कानाचं वाचलं. ‘तिसऱ्यांदा उलटा’पाशी ह्यांचा जबडा लोंबला, मान पडली आणि हे खुर्चीवरून घसरत फरशीवर. डोळे उघडे. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. मिनिटभराने हे उठून बसले आणि डॉक्टर दाखला लिहायला. आज तो कंपनीत दिला. हौदावरून काढून गोदामात घेतलंय.

येताना ह्यांनी सांगितलं, बोहल्यावर हे झोपलेच नव्हते. तुझा फेटा नाकापर्यंत उतरला होता आणि तू चाचपडत आधी भटजींचा कान धरलास. ते बघून ह्यांना हसू आलं आणि अंगातलं बळ गेलं. तिन्ही पिळे पूर्ण शुद्धीत सोसले. ह्यांचं म्हणणं, दादांनी लिहायची तसदी घेऊ नये, नुसतं समोर यावं. आणि शर्टपीस परत पाठवावं, शिवलेलं असलं तरी चालेल.

तुझ्यावर लोभ आहे. कानाचं मात्र हे बघतील.
मंजुळा