नऊ जणांचं एकच लॉगिन

५ जाने.
शिवारवहीत भाषांचं काम बघणाऱ्या केतकीचा मेल. सगळ्या भाषांतल्या मदतीच्या साइट्सची म्हणे आवराआवर चाललीय. ज्या भाषेत वर्षभरात तीन माणसांनीही काम केलं नाही, ती साइट ३१ तारखेला बंद. यादीत मराठी सगळ्यात वर. कारण: ‘एकच व्यक्ती काम करते.’
ती व्यक्ती म्हणजे मी!
शेतीच्या नोंदींचं फुकट सॉफ्टवेअर, कोड सगळ्यांना खुला, कुणीही या, हातभार लावा, असं यांच्याच पहिल्या पानावर लिहिलंय. ते पान मराठीत कुणी केलं? तीनदा उत्तर लिहून खोडलं. तिन्हीत शिव्या होत्या.

६ जाने.
सभ्य उत्तर पाठवलं. चार वर्षं दर रविवारी नेरला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नऊ जण बसतो. मी मदतीचं पान मोठ्यानं वाचते, तांड्यावरचे शेतकरी विठ्ठलकाका मोबाइलवर तसंतसं करून बघतात. काका अडले की चूक वाक्याची, काकांची नाही. मग सगळे भांडून नवं वाक्य करतात. ‘सादर करा’ वाचून काका थांबले होते. "कोणाले सादर करू? तलाठ्याले?" त्या दिवसापासून आमच्याकडे ‘वहीत टाका’.
टाइप मी करते. लॅपटॉप एक, लॉगिन एक.
केतकीचा फोन आला. "संगीताताई, माझा विश्वास आहे हो. पण सिस्टिमला एकच नाव दिसतं." पुण्याची आहे, गोड बोलते. त्यानं डोकं जास्त फिरतं.

११ जाने., रवि.
सगळ्यांना सांगितलं. कमलवहिनी (शेजारच्या गावच्या, स्वतःची कपाशी स्वतः बघतात, कुणाचं ऐकत नाहीत) म्हणाल्या, "म्हंजे चार वर्षं आपुन इथं नव्हतोच काय?"
ठरलं. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आत्ताच्या आत्ता. क्लासच्याच वायफायवर आठ खाती उघडली, प्रत्येकानं आपल्या खात्यातून एकेक वाक्य सुधारलं. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून सगळ्यांना एकच, तोही फळ्यावर मोठ्या अक्षरात. वहिनींचा फोटो दोनदा काढला, पहिल्यात पदर नीट नव्हता. काकांनी आपलं नाव पानाखाली पाहिलं आणि चष्मा पुसून परत पाहिलं. "पोरी, हे तांड्यावर दाखवतो मी."
मस्त वाटलं आज. खरंच.

१३ जाने.
आठही खाती बंद. ‘एका ठिकाणाहून, एका तासात, एकाच पासवर्डनं. बनावट असल्याचा संशय.’ माझंही खातं गोठवलं.
मी कॉम्प्युटर शिकवते! फळ्यावर पासवर्ड मीच लिहिला. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा.
पण बनावट? काका?

१४ जाने.
केतकीनं तोडगा काढलाय. मी लिहून द्यायचं की ती बनावट खाती मीच उघडली, चूक झाली. मग माझं लॉगिन परत मिळेल आणि मराठी पानं जुन्या संग्रहात राहतील. दिसतील, दुरुस्त करता येणार नाहीत. मार्चमध्ये नवी आवृत्ती येतेय, बटणं बदलणार. म्हणजे चुकीची माहिती कायमची भिंतीवर. "एक ओळ तर लिहायचीय, ताई."
एकच ओळ. हं.
तिळगूळ पाठवला तिला मोबाइलवर. ‘गोड बोला’ सांगायची तिला गरजच नाही म्हणा.

१८ जाने., रवि.
काका म्हणाले, "लिहून टाक पोरी. पानं त राह्यतीन."
वहिनी उठूनच उभ्या राहिल्या. "मी बनावट आहो काय? माह्या नावानं माफी मांगणारी तू कोण वं?"
ती ओळ मी सकाळीच मोबाइलवर लिहून ठेवली होती. सगळ्यांसमोर पुसली.
आणखी एक, इथं तरी खरं लिहावं. वेगळी लॉगिन्स चार वर्षांपूर्वीच करता आली असती. लॅपटॉप एक होता हे अर्धंच खरं. पानाखाली माझं एकटीचं नाव दिसायचं आणि मला ते आवडायचं. लाज वाटते.
हेही बोलले शेवटी. वहिनी एवढंच म्हणाल्या, "माहीत होतं आमाले."

२१ जाने.
माफी लिहिणार नाही. कोड खुला तशी पानंही खुली, कुणीही उचलावीत असा त्यांचाच नियम. सगळी मराठी साइट उतरवून घेतली, दुसरीकडे उभी केली. नऊ नावं. ॲपमधलं ‘मदत’चं बटण मात्र त्यांच्या हातात, ते आमच्याकडे वळवलं नाही तर आमची साइट सापडणार कुणाला?
केतकीला कळवलं. ती म्हणाली, "रविवारी सगळ्या भाषांची ऑनलाइन सभा आहे. दहा मिनिटं देते. मी दुभाषी होईन." या वेळी गोड नव्हती. बरं वाटलं.

२५ जाने., रवि.
सभेत मला प्रवेश नाही, खातं गोठलेलं. वहिनींना पाहुणी म्हणून घेतलं. मी क्लासमध्ये मागच्या बाकावर बसून ऐकलं. तोंड उघडायची सोय नव्हती, जीभ नुसती वळवळत होती.
पलीकडून कुणीतरी विचारलं, साइट बंद झाली तर तुमचा गट काय करणार? केतकीनं मराठीत सांगितलं.
वहिनी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेल्या. "बंद करा नाई त चालू ठेवा, तुमची मर्जी. आमी येत्या रविवारी बसतोच. फवारणीचं पान बाकी आहे."
केतकीनं ते इंग्रजीत सांगितलं. साइटचा आणि बटणाचा निकाल शनिवारी, ३१ला.