दगडावरची ल्युबिंका

झ्रेन्यानिन, ११ मे

प्रिय विदाताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींचा गुडघा वळायला लागला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. चेरीला यंदा फळ कमी धरलंय, पण पक्षी आहेत तेवढेच, तेव्हा माझ्या वाट्याला काय येणार ते तू समज.

तुझ्या त्या चेहरे ओढून देणाऱ्या दवाखान्यातल्या पोरींना सांग, पैज हरल्या. आमच्या गाणाऱ्या ल्युबिंकाने चेहऱ्याला सुईसुद्धा लावून घेतलेली नाही. पेपरात आमच्या बँडचा फोटो आला तेव्हापासून इथेही गाव हेच चघळतंय. सहासष्टाव्या वर्षी बाई अशी दिसते, म्हणजे कुठेतरी शिवण असणारच. बाजारात एकीने तर तिला तोंडावर विचारलं, "कानामागे बघू दे गं जरा." ल्युबिंकाने केस वर धरले आणि म्हणाली, "बघ बाई. आणि बघतेच आहेस तर मळ आहे का तेही सांग."

बाकीच्यांनी करून घेतलंय, ते मी नाकारत नाही. बेलग्रेडच्या त्या मिलिवोयेला टीव्हीवर पाहिलंस? भुवया इतक्या वर चढल्यात की प्रेमाचं गाणंसुद्धा वाईट बातमी ऐकल्यासारखं गातो. मी स्वतः केस रंगवतो, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवणारा मी कोण. पण ल्युबिंकाचं वेगळंच. गळ्यावर सुरकुत्या आहेत, ओठांभोवती सिगरेटने पाडलेल्या रेघा आहेत. ती माइकपुढे उभी राहिली की हे सगळं कामाला लागतं आणि समोरची विशीतली पोरंही तोंडं उघडी टाकून बघत राहतात. इतकी वर्षं तिच्याशेजारी गिटार घेऊन उभा आहे, मला विचार.

आता शनिवारचं सांगतो. तिहोमिरला जाऊन सहा महिने झाले. आम्हाला तसा ड्रमर आणि ल्युबिंकाला तसा नवरा पुन्हा मिळणार नाही. सगळे दफनभूमीत जमलो. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, गोड गहू वाटले, थडग्यावर वाइन ओतली. नवा काळा दगड त्याच दिवशी उघडायचा होता. आपली रीत तू विसरली नसशील, नवऱ्याच्या चेहऱ्याशेजारी जिवंत बायकोचाही चेहरा कोरून ठेवायचा, जन्मसाल घालायचं आणि पुढची जागा मोकळी सोडायची. दगड कोरणाऱ्या ओब्रादने तिच्याकडे फोटो मागितला होता. ती म्हणाली होती, "तुझ्याकडे माझे ढीगभर पडलेत, घे त्यातला एक." ओब्राद पडला आमचा जुना भक्त. त्याने आमच्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवरची ल्युबिंका कोरली, पिंजारलेल्या केसांची, चोविशीतली. शेजारी तिहोमिर, टक्कल पडलेला आणि हनुवटीखाली कातडी लोंबणारा.

कापड काढलं. ल्युबिंका चष्मा सावरून दगडापाशी वाकली.

"ओब्राद, ही कोण रे? लोक म्हणतील, म्हातारा पोरीला घेऊन झोपलाय."

"बाई, तुम्ही अजून अशाच आहात."

"लाडीगोडी पुरे. घासून काढ ते. हे तोंड घेऊन गेले तर तो मला ओळखायचा नाही. त्याच्याबरोबर राहून म्हातारी झालेय ना मी, मग म्हातारीलाच शेजारी घेऊ दे त्याला."

आणि तिथेच थडग्याच्या कडेला बसली, चष्मा काढला आणि म्हणाली, "काढ फोटो. एक सुरकुती गाळलीस तर बघ." पाद्रीबाबांनाही हसू आवरेना. मीही हसलो.

ताई, आता इतका वेळ टाळलं ते लिहितो. बँडच्या सप्टेंबरच्या कार्यक्रमाआधी माझ्या डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्या, गळा ओढून घ्यायचा, म्हणून मी तुझ्या मागे लागलो होतो. तुला सांगितलं, टीव्हीवाले येणार आहेत. टीव्हीवाल्यांचं निमित्त होतं. तिहोमिरचं वर्ष सरलं की ल्युबिंकाला लग्नाचं विचारायचं, असं मी मनाशी धरलं होतं. तो माझा मित्र, तो असताना मनातलं कधी ओठावर आणलं नाही. आता या वयात विचारायचं तर निदान तोंड तरी बरं असावं, एवढीच माझी अक्कल.

ती त्या दगडाला टेकून बसली आणि मी न विचारताच मला उत्तर मिळालं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन जेवलो नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी ती जितकी देखणी दिसली तितकी चोविशीतही नव्हती.

तेव्हा जूनमधली माझी तारीख तुझ्या डॉक्टरांना रद्द करायला सांग. जिच्यासाठी नवं तोंड हवं होतं तिची जागा ठरलेली आहे. तू मात्र सप्टेंबरला नक्की ये, भावोजींनाही आण. ल्युबिंका तुला बघून खूश होईल. तिला यातलं काही कळू देऊ नकोस, आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघू नकोस. ती गाते तोवर मला वाजवायचंय, आणि गाण्याच्या मध्येच ती पूर्वीसारखी माझ्याकडे वळून हसली, तर तेवढ्यावर माझं उरलेलं आयुष्य निघेल.

आहे त्या तोंडाचा, तुझा भाऊ,
ग्रादिमिर