मोटरीचा नंबर कुणाला सांगायचा नाही

नाचणगाव, १७ ऑक्टोबर १९५४, रविवार
लष्करी लिलावातली मोटर घरी आली. नावेच्या मागं लावायची, दहा हॉर्सपॉवर. कार्बोरेटर तेवढा नाही. मोटरीच्या पाटीवरच्या नंबराचा आणायचा, किरकोळ काम. २१ नोव्हेंबरला महादेवराव नदीपलीकडून मुलाला घेऊन आमच्या सुंदराला पाहायला येणार. मोटरबोटीनं आणतो, असं कळवूनही टाकलं. मुलीचा बाप काय चीज आहे ते दिसू दे.

२० ऑक्टोबर
डोंगेवाला पुनाजी विचारून राह्यला होता, बाबूजी, मोटर कोन्त्या नंबरची हाय जी. याला कशाला पाहिजे? मोटर चालली की याचा डोंगा काठावर पडून राहणार. पितळी पाटी काढून खिशात ठेवली.

३० ऑक्टोबर
वर्ध्याला गेलतो. मेकॅनिक टिकाराम म्हणे, नंबर सांगा, बरोबर कार्बोरेटर देतो. नंबर ऐकून भाव वाढवतात, मी काही दुधखुळा नाही. शेतातल्या पंपाला पाहिजे, असं ठोकून दिलं. त्यानं पंपाचाच दिला. भोकं जुळत नाहीत. लबाड माणूस.

६ नोव्हेंबर
महादेवरावांचं पत्र. लढाईत ते लष्करी मोटरबोटींच्या कंपनीत होते म्हणे. मोटर किती हॉर्सपॉवरची, पाटीवर नंबर काय, कळवावे. मुलीबद्दल एक ओळ, मोटरीबद्दल सहा. लगेच ओळखलं. मानपानात मोटर मागणार. पाच हॉर्सपॉवर लिहिलं, नंबरही मनचाच. खाली सुंदराची माहिती: वय एकोणीस, मॅट्रिक पास. सुंदराची आई रुख्मिणी म्हणे, सोयऱ्यासंग काऊन खोटं बोलता. बायकांना व्यवहार कळत नाही.

१४ नोव्हेंबर
दुसरा कार्बोरेटर आणला, मोटरसायकलचा. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवला. मोटर दोनदा खोकली. प्रगती आहे. पुनाजी काठावर बसून पाहतो. पेट्रोलमध्ये यानंच पाणी टाकलं असावं. आजपासून डबा उशाशी.

२० नोव्हेंबर
उद्या मोटर चालणारच. तरी पुनाजीला डोंगा तयार ठेवायला सांगितलं. सामानासाठी.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
चालली नाही. महादेवराव आणि मुलगा पुनाजीच्या डोंग्यातून आले. महादेवरावांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर. मला भेट म्हणून आणलेला. पाच हॉर्सपॉवरचा.

त्यांनी मोटर पाहिली, पाटी मागितली. खिशातून काढून द्यावी लागली. म्हणाले, घरी लढाईपासूनचे दोन होते, दहाचाही होता. तुमचं पत्र आलं, म्हणून तो मोडीत देऊन टाकला.

पोहे झाले. सुंदरानं सगळी उत्तरं नीट दिली. मुलगा खूश दिसत होता. मग महादेवरावांनी चष्मा पुसत विचारलं, पोरीचं वय एकोणीस लिहिलं, ते खरं किती समजायचं?

मी देवाशपथ सांगितलं. बरं म्हणाले, कळवतो म्हणाले, आणि मुलाला घेऊन डोंग्यात बसले.

सुंदरा जेवली नाही. माझ्याशी बोलतही नाही.

तिचं वय खरंच एकोणीस आहे.