पाचव्या पत्त्याचं नाव

३ ऑक्टोबर
नागभीडजवळचा हा तलाव, पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, लागून आमच्या दोन खोल्या आणि समोर हिरवंगार धान. दारातच एवढं पाणी! माझी सात वर्षांची आचल दिवसभर उड्या मारतेय. शेजारच्या देवकाबाईंनी तलावातले झिंगे आणून दिले. पाणी सोडायचं दार मोटरीवर चालतं. ती मोटर चालवणारा प्रोग्राम नीट करायला मला पाठवलंय.

५ ऑक्टोबर
यंत्रात छोटे छोटे खण असतात, रजिस्टर. प्रत्येकाला एक पत्ता. माझ्या आधीच्या भूपेशने प्रोग्रामात पत्त्यांचे नुसते आकडे लिहून ठेवलेत. एक आकडा चुकला तर भलत्या वेळी दार उघडेल आणि लोकांचं धान बुडेल. म्हणून मी नावं दिली: पातळी, दार, मोटर, भोंगा. पाचव्या पत्त्यावर काहीच जोडलेलं नाही, तिथे सदा शून्य. शेजारी भूपेशचा शेरा, नाव देऊ नये. आळशीपणा, दुसरं काय! आचल मांडीवर येऊन बसली होती. लाडाने तिचंच नाव देऊन टाकलं.

६ ऑक्टोबर
पाचव्या खणात आज एक आहे.
आचल मधूनच 'ओ' देते. म्हणते, तूच तर हाक मारलीस. हे ऐकून देवकाबाईंचा हात सुपातच थांबला. पाण्यापाशी लेकराला नावाने हाक मारत नाहीत, म्हणाल्या. स्वतःच्या लेकीला, सुकरीलाही त्या इथे नुसतं 'पोरी' म्हणतात.

८ ऑक्टोबर
प्रोग्राम प्रत्येक खण सेकंदाला शंभरदा वाचतो. म्हणजे शंभरदा तिचं नाव— यंत्राला नाव कळत नाही, फक्त आकडा कळतो. हे मला ठाऊक आहे. तरी दुपारी ती गुडघाभर पाण्यात उभी होती. माझ्याकडे पाठ. ओ देत होती.

९ ऑक्टोबर
नाव पुसलं. खणातला एक तसाच.
भूपेशचा फोन आत्ता लागला. नाव पुसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "पुसाचं नव्हतं मॅडम. मी बायकोचं देल्लं होतं, मंग पुसलं. घरी एक बाई मले जेवाले वाढते. कोन आहे, आठवतच नाई."

१० ऑक्टोबर
दारात एक मुलगी आली होती. फ्रॉक ओला. मला आई म्हणाली. मी नाव विचारलं तर रडत पाळीकडे गेली—
देवकाबाई ओरडताहेत, पोरीला आवरा म्हणून. कोणाची पोर?
मागची पानं चाळली. अक्षर माझंच. आचल, आचल. आचल म्हणजे