फॉर्ममधली कोरी जागा

अहो,
मी पाचोडला आईकडं चाललेय, सांजच्याला येते. भाकरी अन् पिठलं झाकून ठेवलंय.

तुमचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात नोकरीचा फॉर्म सापडला. इंग्रजी शब्द पोरीच्या डिक्शनरीत बघितले. ‘रिलोकेट’ म्हंजी दुसऱ्या गावी राहायला जाणं, तिथं तुम्ही ‘येस’ लिहिलंय. ‘नोटीस पिरियड’ एक महिना. कंपनीला महिनाभर आधी सांगणार, मग मला कधी सांगणार होता? नोकरी सोडायचं कारण ‘पर्सनल’. असं कोणतं खाजगी कारण, जे मला ठाऊक नाय?

‘मॅरिटल स्टेटस’ म्हंजी लग्न झालंय का नाय. तेवढी एकच जागा तुम्ही कोरी सोडलीय.

बाकीचं तुम्ही पेन्सिलीनं लिहिलंय. ही जागा मी पेनानं भरलीय.

सुगंधा