मोकळा झालेला नंबर

३ नोव्हेंबर
आज रायपुरात रुजू झाले. बूढापाऱ्यात मीराबाईंच्या माडीवर खोली मिळाली, खिडकीतून तलाव दिसतो. कार्यालय नव्या रायपुरात, तिकडची बस जवळजवळ रिकामी होती. कार्यालयात चाळीस जण एकाच सर्व्हरवर काम करतात. कोणी कोणती फाइल उघडायची, कोणतं सॉफ्टवेअर बसवायचं, हे आता माझ्याकडे. संध्याकाळी मंजिरीचा फोन आला. रोज करीन म्हणाली. लेक आता मलाच विचारते, जेवलीस का. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा कॉन्व्हेंटात गेल्यासारखं वाटलं: नवा डबा, नवी वही, सिस्टरांची हजेरी.

४ नोव्हेंबर
माझ्या आधी या खुर्चीवर कलावतीबाई होत्या. दिवाळीत वारल्या. आमचे वरिष्ठ दिवाकरसाहेब म्हणाले, वापरकर्त्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढा. मला आई आठवली. शाळेत निघताना म्हणायची, पोरी, नाव काढशील. मी एका ओळीची आज्ञा देऊन काढलं. त्यांच्या फायली तशाच राहिल्या, मालकाच्या नावाजागी नुसता नंबर: १००७. यंत्र माणसाला नंबरानंच ओळखतं. नाव म्हणजे वर चिकटवलेली चिठ्ठी.

५ नोव्हेंबर
माझं खातं उघडलं, विनोदिनी. मोकळा झालेला नंबर हातासरशी स्वतःलाच दिला. असं करू नये हे मला ठाऊक आहे. कंटाळा केला. त्यांच्या साऱ्या फायलींवर आता माझं नाव.

७ नोव्हेंबर
सकाळी नऊ चाळीसला माझ्या नावानं सर्व्हरवर एक सॉफ्टवेअर बसवलं गेलंय. तेव्हा मी बसमध्ये होते. पासवर्ड बदलला.

१० नोव्हेंबर
शिपाई नरहर बिनसाखरेचा चहा ठेवून गेला. कलावतीदीदींचा नेहमीचा, म्हणाला. मी दोन चमचे साखर घेते. प्यायले. आवडला.

११ नोव्हेंबर
यादीत विनोदिनी नाही. १००७ समोर पुन्हा कलावती. मी काही बदललं नाही. घरी आले, पायरीवरच थबकले. मीराबाई हसल्या.
“काहून थांबल्या, कलावतीबाई? पाच वर्सं झाले, खोली तुमचीच हाय न.”

१२ नोव्हेंबर
मंजिरीचा फोन आला नाही. मीच केला. म्हटलं, आई बोलतेय. पलीकडून मंजिरीचाच आवाज:
“कोण तुम्ही? माझी आई दिवाळीत गेली.”

१३ नोव्हेंबर
दुसरा नंबर घेते. कधीच कोणाचा नसलेला. मग मंजिरी ओळखेल—
यंत्र विचारतंय, परवानगी कोणाची. विनोदिनी. असा वापरकर्ता नाही. पुन्हा विनोदिनी. नाही.
त्यांचं नाव घातलं तर घेईल. पण एकदा घातलं की मंजिरीला मी कायमची परकी.
नाही घालणार. बोटं थांबत नाहीत. क ल—