यंत्र बिघडलं नव्हतं

प्रिय बाबा,

झालं! थंडीकडच्या मुलखात जाऊन तिथल्या पाखरांचा अभ्यास करायचं काम मिळालं, चांगलं दोन वर्षांचं! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी मघाशी सांगितलं आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. आई गेल्यापासून तुम्हाला एकटं टाकून कुठं जायचं नाही, हे माझं ठरलेलं. आणि 'माझ्यापायी अडून राहू नकोस' हे तुमचं पालुपद. फोनवर यावरून आपण भांडणार, म्हणून पत्र. अर्धं वाचून ठेवून देऊ नका.

काम मिळालं कशामुळे, तर माझ्या वेंधळेपणामुळे! आम्ही पाखराला उपाशीपोटी अंधाऱ्या डब्यात निवांत बसवतो आणि आतल्या हवेतला प्राणवायू त्यानं किती वापरला ते मोजतो. नुसतं जिवंत राहायला त्याला किती ऊर्जा लागते, ते त्यावरून कळतं. आपल्या उष्ण भागातली पाखरं तशी सबुरीची. एक-दोन अंडी घालतात, बेतानं खर्च करतात, वर्षानुवर्षं जगतात. थंडीकडचे त्यांचे भाऊबंद मात्र पाच-सहा अंडी घालतात, सगळं भराभर जाळतात आणि लवकर आटोपतात. पण काही महिन्यांपूर्वी आपल्याकडचीच एक मादी भलताच मोठा आकडा दाखवायला लागली. मी यंत्राच्या नावानं बोटं मोडली, नळ्या धुतल्या, स्क्रू न् स्क्रू खोलला. शेवटी डबा उघडला, तर बाईसाहेबांच्या पायाशी ताजं अंडं! आत बसवण्याआधी तिचं पोट चाचपायचंच मी विसरले होते. सगळ्यांची हसून पुरेवाट झाली.

प्रमुख बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, यातला हवामानाचा खर्च किती आणि अंडी-पिल्लांच्या संसाराचा किती, हे नुसत्या डब्यातून कळायचं नाही. तिकडे जाऊन घरट्यांवरही लक्ष ठेवायला हवं, पिल्लांना भरवायला कोण किती खेपा घालतं ते बघत. त्यांनी तसा प्रस्ताव पाठवला आणि तोच आता मंजूर झाला.

बाबा, घरट्यावर तासन्‌तास नजर ठेवणारा माणूसच मिळेना! आमची पोरं घटकाभरात मोबाईल काढतात. तुम्ही जन्मभर डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलीत. आता दुकान बंद करून दिवसभर खिडकीशी बसता, आणि जेवलात का विचारलं की भूक नाही म्हणता. मला भीती वाटते हो त्याची. म्हणून तुम्हाला न विचारता मी तुमचं नाव देऊन टाकलं, आणि ते मंजूरही झालंय. काय रागवायचं ते रागवा. तुमच्या मापाचा जाड स्वेटर आणून ठेवलाय. तुम्ही आला नाहीत तर मी जाणार नाही. आणि मला जायचंय, बाबा, खूप जायचंय.

तुमचीच,
खटपटी